काटा नव्हता, डॉक्टर

डॉक्टर, दहाव्याला तुमच्या पिंडाला दोन तास कावळा शिवला नाही. ओढ्याकाठी निम्मं गाव उन्हात ताटकळत उभं होतं. वहिनींनी हात जोडून सांगितलं, शेतीचं, पोरांचं मी बघते, काळजी करू नका. सरपंच म्हणाले, दवाखाना बंद पडू देणार नाही. कुणीतरी म्हणालं, डॉक्टरांना सुपारी लागायची, एक खांड ठेवा. तेही ठेवलं. चार कावळे करंजाच्या झाडावर बसून बघत होते, पण एकही खाली येईना. कायतरी राहिलंय, जीव अडकलाय, अशी कुजबुज सुरू झाली. मी मागं बायकांत पदर तोंडाला धरून उभी होते. रडू येत होतं म्हणून नव्हे. काय राहिलंय हे त्या सगळ्या गर्दीत मला एकटीला माहीत होतं, आणि ते तोंडातून बाहेर पडू नये म्हणून पदर धरला होता.

मग ताराक्का पुढं झाली. सकाळी तुमचा दवाखाना झाडणारी, दुपारी तुमच्याच उसात राबणारी ताराक्का. डोळे पिवळेजर्द, साडी अंगावर नुसती अडकवलेली, गळ्यात कुणा वैदूनं दिलेली काविळीची माळ. म्हणाली, "आवं डागदर, कशापायी जीव घुटमळतोय? मी हाय न्हवं! दवाखान्याचा केर मी काढत ऱ्हाईन. जावा आता सुकानं." आणि तुमचा तो कावळा भर्रकन खाली आला.

बायका डोळे पुसायला लागल्या. केवढी माया बघा म्हणे! मला त्या कावळ्याला दगड हाणावासा वाटला. तुम्हाला सुखानं जायला सांगितलं कुणी, तर तिनं. आणि तुम्ही लगेच गेलातसुद्धा. जरा तरी लाज वाटायची होती.

त्याच संध्याकाळी वहिनी म्हणाल्या, "सुनंदा, तेराव्याला शोकसभा ठेवलीय. बावीस वर्षं तू त्यांच्या हाताखाली काढलीस. चार शब्द तूच बोल." मी हो म्हणाले. घरी येऊन वही उघडली, 'डॉक्टर देवमाणूस होते' असं लिहिलं आणि इतकं जोरात खोडलं की कागद फाटला. आमचे हे मिलिटरीतनं हवालदार होऊन आलेले, अजून हिंदी सुटली नाही. पेपर वाचता वाचता म्हणाले, "सोचना क्या है? रिपोर्ट सही दे, बस." त्यांना काय माहीत, रिपोर्ट म्हटल्यावर मी वही का मिटली.

आता तुम्ही ऐकूनच घ्या. जिवंतपणी तर तुम्ही माझं बोलणं कधी पुरं होऊ दिलं नाहीत. "सिस्टर, पेशंट थांबलेत," म्हणून निम्म्यात तोडायचात. आता कुठला पेशंट थांबलाय?

तुम्ही वाईट असतात तर बरं झालं असतं. वाईट माणसाला शिव्या घातल्या की मोकळं होता येतं. पण माझ्या पोराला तापात झटके आले तेव्हा हे सीमेवर होते, घरात मी एकटी, आणि तुम्ही जेवणाच्या ताटावरनं उठून, पायात चप्पल न घालता, त्याला छातीशी धरून दवाखान्यापर्यंत पळाला होतात. हाताला भात तसाच. ते माझ्या डोळ्यांसमोरनं जात नाही. महापुरात आठ दिवस शाळेत मुक्काम ठोकून तुम्ही लोकांच्या चिखल्या धुतल्यात, विंचू चावलेल्यांना बघितलंत. शीर डोळ्यांनी शोधायची नाही, बोटानं शोधायची, हे मला साताऱ्याच्या ट्रेनिंगमध्ये नाही, तुमच्याजवळ कळलं. मी मूळची फलटणची, या गावात सून म्हणून आले. पण गावानं मला सिस्टर म्हणून ओळखलं ते तुमच्यामुळं. हे सगळं खरं आहे, आणि म्हणूनच माझं डोकं जास्त फिरतं.

कारण दवाखान्याच्या मागं तुम्ही वेगळेच होतात.

पुढं सगळं झकास. गणपतीच्या फोटोशेजारी दवाखान्याचा कचरा नेणाऱ्या कंपनीचं सर्टिफिकेट, फ्रेम करून. लाल पिशवी, पिवळी पिशवी, सुयांचा पांढरा डबा, सगळं ओळीनं. मंगळवारी आणि शुक्रवारी पिवळी गाडी यायची. तिला तुम्ही काय द्यायचात? थोडा रक्ताचा कापूस, दोन बँडेज, चार सिरिंजा. दाखवण्यापुरतं. गाडीवाला वजन करायचा, मशीन टिकटिक वाजवायचा, सही घेऊन जायचा. बाकीचं पोत्यात भरून मागच्या खोलीत.

मी पहिल्यांदा विचारलं तेव्हा तुम्ही खरं बोललात, एवढं कबूल करते. म्हणालात, "सगळं दिलं तर हिशोब लागंल, सिस्टर. एका डॉक्टरच्या दवाखान्यात एवढ्या सुया? विचारतील की ते लोक." आपल्याकडं सर्दीला सुई, अंगदुखीला सुई, अशक्तपणाला सलाईन. टोचल्याशिवाय गुण येत नाही अशी लोकांची खात्री, आणि ती खात्री मोडायची तुम्हाला गरज वाटली नाही. न टोचता पाठवला तर तो पलूसला जाऊन टोचून घेईल, असं म्हणायचात. खोटं नव्हतं. पण त्या सुया गेल्या कुठं?

रविवारी सकाळी तुम्ही पँट गुडघ्यापर्यंत दुमडायचात, पोती मागच्या अंगणात न्यायचात, त्यावर उसाचं पाचट टाकायचात आणि काडी लावायचात. किती खुशीत असायचात हो! काठीनं ढोसत, गुणगुणत. काळा धूर शेजारच्यांच्या वाळवणावर जायचा. वरची प्लॅस्टिकं वितळून गठ्ठे व्हायचे, मधला ओला कापूस नुसता धुमसायचा आणि तळातलं तसंच राहायचं. मी सांगायची, "सर, सुई जळत नाही. ट्रेनिंगला शिकवलंय आम्हाला." तुम्ही हसून म्हणायचात, "आगीत सोनं शुद्ध होतं, सिस्टर. तुझी सुई काय घेऊन बसलीस!"

बरं, जाळलंत ते जाळलंत. राख तरी पुरायची. पण नाही. तुम्ही शेतकऱ्याचं पोर. राख टाकवत नव्हती तुम्हाला. "राख म्हंजे उसाला औषध," म्हणून घमेल्यानं भरून तुमच्याच मागच्या उकिरड्यात टाकायचात. शेणात, गव्हाणीतल्या उरल्यासुरल्या वैरणीत, घरच्या केरात. दुसऱ्या कुठल्या डॉक्टरला हे सुचलं नसतं. इतका शिकलेला माणूस, आणि राख वाया जाऊ नये म्हणून स्वतःच्या दवाखान्यातल्या सुया स्वतःच्याच रानात पेरत होता. आणि त्या वावरात शेणखत हातांनी विस्कटणाऱ्या बाया आपल्याच गावच्या होत्या.

तीन वर्षांपूर्वीचा तो मंगळवार. आडसाली उसाच्या लागणीआधी उकिरडा उपसला होता. आदल्या रविवारी वळवाची सर आली, जाळ धड लागलाच नव्हता, तरी तुम्ही घमेलं ओतलंतच. मला आठवतंय, कारण त्या रविवारच्या आधीच्याच आठवड्यात काविळीच्या दोन पेशंटना मी सलाईन लावलं होतं. दुपारी ताराक्का आली, हात पदरात गुंडाळलेला. "डागदर, कायतरी घुसलंय बघा. लय ठणकतंय." तुम्ही हात टेबलावर घेतला, चिमटा घातला, आणि ओढून काढलं. ताराक्कानं तोंड भिंतीकडं केलं होतं. मी ट्रे धरून उभी होते. ट्रेमध्ये टक्क आवाज झाला.

बारीक, शेणमातीनं काळी, एका टोकाला सरळ कापलेली. दवाखान्यात सुया कापायच्या आपल्याच कटरनं कापलेली. तुम्ही माझ्याकडं बघितलंत, मी तुमच्याकडं.

"बाभळीचा काटा हाय, आक्का," तुम्ही म्हणालात. आवाजसुद्धा हलला नाही.

"आवं, आपल्या वावरात बाभळ कुठनं आली?"

"पाखरानं आणली असंल."

ती हसली. तुम्हीही हसलात. मी स्पिरिटचा बोळा तिच्या तळव्यावर दाबून धरला आणि तोंडातनं शब्द काढला नाही. तुम्ही धनुर्वाताचं इंजेक्शन दिलंत, तिनं "दुखलं न्हाई बगा" म्हणून तुमचं कौतुक केलं, आणि ती पुन्हा कामावर गेली.

तुम्ही म्हणाल, नंतर भांडलीस की! भांडले. दार लावून भांडले. म्हटलं, सर, सांगलीला पाठवू, अशा वेळी लगेच द्यायचं इंजेक्शन असतं, लस असते, रक्त तपासतात, अजून वेळ गेली नाही. तुम्ही म्हणालात, "गावभर बोंब होईल. दवाखान्याला टाळं लागलं तर ही माणसं कुठं जातील? बाळंतीण अडली तर तू बघणार हायस?" मला उत्तर आलं नाही. खरं सांगू का, उत्तर येत होतं. पण दवाखान्याला टाळं म्हणजे मलाही घरी बसणं, हे मला त्याच वेळी दिसलं होतं. मी ट्रेमधली सुई पांढऱ्या डब्यात टाकली आणि पुढच्या पेशंटला हाक मारली.

त्यानंतर तुम्ही रबरी हातमोजे आणलेत बायांसाठी. केवढा मोठा उपकार! कशाला ते मात्र सांगितलं नाहीत. एकीनं ते भांडी घासायला नेले, दुसरीनं पोराला खेळायला दिले. ताराक्कानं तर नवेच्या नवे ट्रंकेत ठेवले, डागदरनी दिलेत म्हणून. रविवारची होळी चालूच राहिली.

यंदा उन्हाळ्यात तिला थकवा यायला लागला. केर काढता काढता पायरीवर बसायची. डोळे पिवळे झाले. तुम्ही रक्त सांगलीला पाठवलंत, रिपोर्ट आला, मीच पाकीट फोडलं. हिपॅटायटिस बी. रक्तातनं पसरणारी कावीळ. तुम्ही तो कागद दोनदा वाचलात, घडी घातलीत आणि टेबलाच्या खालच्या ड्रॉवरमध्ये ठेवलात. बाहेर जाऊन म्हणालात, "कावीळ हाय, आक्का. तेल-तिखट बंद. उसाचा रस पी." झालं! एवढंच. आणि ती बिचारी माळ घालायला गेली.

तीन महिने मी तुमच्या मागं लागले होते. सर, तिला मोठ्या दवाखान्यात औषध सुरू करायला पाहिजे. सर, घरात मुलगा आहे, सून आहे, चार वर्षांची नात तिच्याच ताटात जेवते, तिच्याच कुशीत झोपते. आक्काच्या हाताच्या भेगांतनं रक्त येतं. सगळ्यांची तपासणी पाहिजे. तुम्ही काय म्हणालात? "त्या काट्यानंच झालं कशावरनं? सिद्ध करशील?"

काटा म्हणालात, डॉक्टर. दार बंद होतं, खोलीत आपण दोघंच होतो, तरीसुद्धा काटाच म्हणालात.

सिद्ध नाही करता येणार. आजही नाही येणार. दुसरीकडनंही झालं असेल. पण त्या नातीला तपासायला सिद्ध करायची काय गरज होती?

शेवटचं भांडण गुरुवारी. मी म्हटलं, उद्या तुम्ही सांगितलं नाहीत तर मी सांगणार. तुम्ही कपाळ चोळत म्हणालात, "उद्या बघू, सिस्टर. डोकं दुखतंय." आणि पहाटे वहिनींचा फोन. बरा मुहूर्त काढलात! मला त्या दिवशी रडायला आलं ते कशाचं होतं, अजून कळत नाही. तुमच्या पायांना हात लावताना एक मन म्हणत होतं, सर, उठा, आणि दुसरं म्हणत होतं, पळून गेला, पळपुटा.

तर दहाव्याच्या दुसऱ्या दिवशी मी ड्रॉवर उघडला. किल्ली माझ्याकडंच असायची. कागद घेतला आणि ताराक्काच्या दारात गेले. ती उंबऱ्यावर बसून ज्वारी निवडत होती. मला बघून म्हणाली, "ये की गं. पोरी, शिस्टरला च्या टाक." नात येऊन माझ्या मांडीवर बसली, माझ्या घड्याळाशी खेळायला लागली. मी म्हटलं, "आक्का, तुला आठवतंय, तुझ्या हातात काटा घुसला होता?"

सगळं सांगितलं. रविवारचा जाळ, राख, उकिरडा, ट्रे, कागद. ती ऐकत होती आणि ज्वारीतले खडे काढत होती. मी थांबले तेव्हा तिचा हात थांबला.

"म्हंजी त्यो काटा नव्हता."

"नव्हता."

"डागदरास्नी ठावं हुतं?"

"व्हय."

"आन तुला?"

मी मानेनंच हो म्हटलं. ती उठली, माझ्या मांडीवरची नात उचलली आणि आत सुनेकडं दिली. परत येऊन उभी राहिली. मला वाटलं होतं तुम्हाला शिव्या घालेल. तिनं तुमचं नावसुद्धा घेतलं नाही.

"त्यो ग्येला बाई. मेल्या मानसाला काय इचारू? तू हायस न्हवं म्होरं! तीन वर्सं मी तुझ्या हातची च्या पिले. माझ्या नातीचं जावळ काढलं तवा तू हितं जेवून ग्येलीस. तवा तुझ्या घशाखाली घास कसा उतरला गं?"

मी काय सांगणार होते? तुमचं नाव सांगू? दवाखाना बंद पडेल हे सांगू? बावीस वर्षं मी माझ्या गप्प बसण्याला तुमचं नाव लावत आले. डॉक्टरांनी सांगितलं नाही म्हणून मी सांगितलं नाही. तिच्या दारात ते एकदम खोटं झालं. तुम्ही सुटलात, डॉक्टर, आणि तुमचं भोगायला मला मागं ठेवलंत. आणि भोगायला मागं ठेवलं हे म्हणतानासुद्धा मला माझीच चीड येते, कारण भोगतेय ती ताराक्का.

सून चहा घेऊन आली. ताराक्कानं कप तिच्या हातातनं घेतला आणि मोरीत ओतला. म्हणाली, "च्या नगं. परवा सांगलीला जायाचं. पोराला सुट्टी काढाय सांग. शिस्टर येनार हाय संगं."

परवा म्हणजे तुमचं तेरावं. मी वहिनींकडं गेले. म्हटलं, मी बोलायला येणार नाही, आणि मागच्या उकिरड्याला कुणाला हात लावू देऊ नका, त्यात दवाखान्याच्या सुया आहेत. त्या म्हणाल्या, "तेरावं तरी होऊ द्यायचं होतंस." मी म्हटलं, वहिनी, होऊ द्यायचं होऊ द्यायचं करतच इथवर आलोय.

आज सकाळी पहिल्या एसटीनं सांगलीला गेलो. ताराक्का, तिचा मुलगा, सून, नात आणि मी. चौकात तुमचा केवढा फ्लेक्स लावलाय, गाडीतनं दिसला. ताराक्का खिडकीशी होती. तिनं बघितलं आणि सवयीनं हात जोडले. मग तिचं तिलाच ध्यानात आलं, पण तिनं हात सोडले नाहीत. मला ते बघवलं नाही, मी पुढच्या सीटकडं बघत बसले.

सांगलीच्या दवाखान्यात रांग. सगळ्यांची रक्तं घेतली. नात अशी ओरडली की अख्खा वऱ्हांडा वळून बघायला लागला. मोठ्यांचे रिपोर्ट मंगळवारी येतील, नातीचाही तेव्हाच. तोवर मला झोप येणार नाही आणि येऊही नये. ताराक्काला आत बोलावलं. तिथला डॉक्टर तरुण होता, फॉर्म भरत होता. विचारलं, "मावशी, कधी रक्त चढवलं होतं? ऑपरेशन? कुठली वापरलेली सुई टोचली होती?"

ताराक्कानं वळून माझ्याकडं बघितलं.

"हिला इचारा," म्हणाली.

मी म्हटलं, "हो. टोचली होती. तीन वर्षांपूर्वी, उजव्या तळव्यात. शेणखतात आलेली, दवाखान्यातली वापरलेली सुई होती."

"नक्की? बघितली होती कुणी?"

"मी बघितली होती."

त्यानं पेन थांबवून माझ्याकडं बघितलं. "कुणाचा दवाखाना? तिथं तेव्हा कोण कोण होतं?"

मी तुमचं नाव सांगितलं, डॉक्टर. पूर्ण, डिग्रीसकट. त्यानं लिहून घेतलं. मग तो म्हणाला, "आणखी?"

मी माझं सांगितलं.